नाणेघाट पायी ऐकताना: टोलनाक्याची गोष्ट आणि भिंतीवरचा हिशेब

मागच्या भागावर सगळ्यात जास्त तक्रार एकच आली, "खिंडीतलं काही ऐकूच येत नाही." खरंय. माईकला रुमाल गुंडाळला, वाऱ्याकडे पाठ केली, पण नाणेघाटातला वारा कुणाचं ऐकत नाही. म्हणून तो भाग इथे लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त दोन ठिकाणी माझीच चूक होती, ती दुरुस्त केलीय. कोणती, ते येईलच पुढे.

चालताना ऐकायचं असेल तर फाईल घरूनच डाऊनलोड करून घ्या, आणि हेडफोन एकाच कानात ठेवा. दुसरा कान वाटेसाठी.

सुरुवात झाली एका लिंकपासून. आपली एक श्रोती आहे शहापूरची. आसनगावहून रोज सकाळच्या लोकलने ठाण्याला कॉलेजला जाते. तिने नॉर्वेतल्या ट्रॉम्सो नावाच्या शहराची माहिती पाठवली. आर्क्टिक वर्तुळाच्याही साधारण साडेतीनशे किलोमीटर वर आहे हे शहर. हिवाळ्यात तिथे दोन महिने सूर्य उगवत नाही. तरी लोक वाटाड्या घेऊन गल्लीबोळांतून फिरतात, इतिहास ऐकतात आणि शेवटी ध्रुवीय संग्रहालयात जातात. रोआल्ड आमुंडसेन, दक्षिण ध्रुवावर सगळ्यात आधी पोचलेला माणूस, १९२८च्या जूनमध्ये याच शहरातून विमानाने एका हरवलेल्या मोहिमेच्या शोधात निघाला आणि परत आलाच नाही. त्याची गोष्ट त्या संग्रहालयात आहे. आणि संग्रहालय आहे कुठे, तर बंदराजवळच्या जकातीच्या जुन्या गोदामात, १८३०च्या दशकातल्या.

तिने खाली लिहिलं होतं, "दादा, आपल्या मुरबाडमध्ये तर दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका आहे. मग आपलं संग्रहालय कुठंय?"

या एका प्रश्नात दोन चुका आहेत, आणि दोन्ही तिने माझ्याच जुन्या भागातून उचलल्यात. पहिली सोपी. नाणेघाटाचा पायथा मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात आहे, पण लेणं वर घाटघरच्या हद्दीत, म्हणजे जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. आपण मुरबाडकर छाती फुगवून "आमचा नाणेघाट" म्हणतो ते चढणीपुरतं. दुसरी चूक टोलनाक्याची. तिच्याकडे चालत चालतच जाऊ.

कल्याणहून मुरबाड, मग सरळगाव, टोकावडे आणि वैशाखरे. कल्याण-नगर रस्ता, कल्याणपासून साठेक किलोमीटर. पुढे हाच रस्ता माळशेज घाट चढतो. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची पाटी दिसली की उतरायचं. एसटीने येणाऱ्यांनी कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर गाडी थेट माळशेजच्या धुक्यात घेऊन जाते. माझं दोनदा झालंय.

पहिला तास-दीड तास जंगलातून चाल आहे. चढ फार नाही. ओढे लागतात, हिवाळ्यात बहुतेक कोरडे. समोर सह्याद्रीची भिंत उभी दिसते आणि त्या भिंतीत एक खाच. ती खाच म्हणजे आपली खिंड. शेजारी अंगठ्यासारखा वर आलेला कडा, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. इथे थांबा आणि फक्त एकाच गोष्टीकडे बघा. डावी-उजवीकडे नजर जाईल तिथवर सगळा कडा सरळ उभा आहे. कोकणातून वर देशावर जायचं तर बैल कुठून चढवणार? जिथे खाच आहे तिथून. डोंगराने जागा ठरवली, माणसाने ती फक्त रुंद केली.

आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, टोकावड्याच्या बाजूचे. तरुणपणी ते हा घाट चढून जुन्नरच्या बाजाराला जायचे. नाणेघाट हा शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. ते म्हणायचे, "वर जाऊन येतो." बस्स. त्यांच्यासाठी तो ट्रेक नव्हता, रस्ता होता. मी पहिल्यांदा कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेलो, पाचशे रुपयांचे बूट घालून, आणि घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "पाठीवर काय होतं?" मी म्हटलं, पाण्याची बाटली. ते हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

जंगल संपलं की खरी चढण. इथून पायाखाली बघत चला. ठिकठिकाणी दगड बसवलेले दिसतील, खडकात खोदलेल्या पायऱ्या दिसतील. त्या सगळ्याच सातवाहनांच्या काळातल्या, असं म्हणू नका. रस्ता वापरात असला की प्रत्येक पिढी त्याची डागडुजी करते. लेण्याच्या जवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ओझ्याखालून चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला आधी पाणी लागणार, हे ज्याने टाकी खोदली त्याला माहीत होतं. आज शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसा या धरणांमधून मुंबईला पाणी जातं आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. टाकीपाशी बसलं की मला हे दर वेळी आठवतं. असो, वर जाऊ.

आता लेणं. बाहेरून बघाल तर वाटेल, एवढंच? एक मोठी चौकोनी खोली, बास. अजिंठा-वेरूळसारखं कोरीव काम शोधू नका. आत जा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग डाव्या आणि उजव्या भिंतीकडे बघा. ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत, दोन्हीकडे मिळून वीस. भाषा प्राकृत. बहुतेक अभ्यासक हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला धरतात, काही जण आणखी मागे नेतात.

मधली, म्हणजे समोरची भिंत रिकामी वाटेल. ती खरं तर या लेण्याची सगळ्यात भरलेली भिंत होती. इथे सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. आज उरल्यात त्या पावलांच्या अस्पष्ट खुणा. पण प्रत्येकाच्या डोक्याच्या वर नाव कोरलं होतं आणि त्यातली बरीच नावं अजून वाचता येतात. पहिला राजा सिमुक सातवाहन. मग राणी नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतो, आणि राजा सातकर्णी. मग राजकुमार. त्यांच्यात एक महारठी त्रणकयिरो, तो नागनिकेचा बाप. जावयाच्या घराण्याच्या रांगेत सासरा उभा आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोत असतो तसाच.

राणी आणि राजाची पाटी एकच आहे, आणि त्यात राणीचं नाव आधी येतं. मी हे शाळेतल्या पोरांना सांगतो तेव्हा मुली लगेच मुलांकडे बघतात.

नागनिका कोण, तर सातकर्णीची राणी. भिंतीवरचा मोठा लेख तिचाच मानतात. सुरुवातीला देवांना वंदन आहे: धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार दिशांचे लोकपाल. संकर्षण आणि वासुदेव म्हणजे बलराम-कृष्ण. त्यांची नावं दगडावर इतक्या लवकर फार कमी ठिकाणी सापडतात. मग राणीचं वर्णन येतं, महिनाभर उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी. आणि नंतर यादी. अश्वमेध, राजसूय आणि असे कितीतरी यज्ञ, आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा. गाई १,७००, हत्ती १०. दुसऱ्या यज्ञात गाई ११,०००, घोडे १,०००. एका ठिकाणी रोख २४,४०० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. घरातल्या कार्याच्या वहीत आजी लिहून ठेवायची ना, कुणाला किती दिलं, तसं. फक्त ही वही दगडाची आहे.

या आकड्यांसाठीच नाणेघाट जगभरच्या गणिताच्या इतिहासात येतो. इथे २, ४, ६, ७, ९ असे आकडे चिन्हांनी लिहिलेत आणि त्यातल्या काहींमध्ये आजच्या आकड्यांचा चेहरा ओळखू येतो. पण आपण लिहितो तसे ते लिहिलेले नाहीत. शून्य नाही. दहासाठी वेगळं चिन्ह, विसासाठी वेगळं, शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला साताचं चिन्ह जोडायचं. चार हजार म्हणजे हजाराला चार जोडलेला. मग २४,४०० कसे? वीस हजारांचं चिन्ह, शेजारी चार हजारांचं, शेजारी चारशेचं. तीन चिन्हांत काम झालं. गैरसोय एकच. या चिन्हांनी तुम्ही रक्कम नोंदवू शकता, पण त्यांना एकाखाली एक मांडून आपल्यासारखी हातचा घेऊन बेरीज करता येत नाही. त्यासाठी आकड्याच्या जागेला किंमत यावी लागते आणि शून्य लागतं. ते नंतर आलं.

हे वाचलं कुणी, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८२८ साली विल्यम साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाची नोंद घेतली. त्या वर्षी जगात एकाही माणसाला ही लिपी धड वाचता येत नव्हती. खालून मीठ-भात घेऊन चढणारा हमाल आणि तो साहेब, दोघंही या भिंतीपुढे सारखेच निरक्षर. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली ती १८३७च्या सुमारास. नाणेघाटाच्या आकड्यांवर मोठं काम केलं ते पंडित भगवानलाल इंद्रजींनी. जुनागढचा माणूस, मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाडांकडे आला आणि त्यांच्यासाठी देशभर शिलालेखांचे ठसे घेत फिरला. संपूर्ण लेखाचं वाचन १८८३ साली गेओर्ग ब्यूलरने प्रसिद्ध केलं.

आता टोलनाका.

खिंड ओलांडून वर आलात की वाटेच्या कडेला दगडाचा मोठा गोल रांजण दिसतो. फोटो सगळे तिथेच काढतात. गोष्ट अशी सांगतात की कोकणातून वर येणारा प्रत्येक व्यापारी या रांजणात जकातीची नाणी टाकायचा, म्हणून नाव नाणेघाट. जगातला पहिला टोलनाका! मीही हेच सांगायचो, आवाज चढवून. मागच्या वर्षी एका आश्रमशाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो. सांगून झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे आत भिंतीवर लिहिलंय का?"

मी म्हटलं, हो, म्हणजे, बहुतेक. घरी आलो आणि शिलालेखाचं भाषांतर पहिल्यांदा ओळ न ओळ वाचलं. यज्ञ आहेत, गाई आहेत, हत्ती आहेत, देव आहेत. जकात नाही. रांजणावर तर लेखच नाही. इतकी वर्षं मी लोकांना इतिहास सांगत होतो आणि मूळ लेख वाचलाच नव्हता. त्या शाळेत फोन करून तिच्या बाईंना सांगितलं की तिचं बरोबर होतं. तिला सांगा म्हटलं. बाई म्हणाल्या, स्वतःच सांगा, आणि तिला फोनवर बोलावलं. ती एवढंच म्हणाली, "मग रांजण कशाचा?"

प्रामाणिक उत्तर असं. इतका मोठा व्यापारी रस्ता होता आणि राजघराण्याने नेमकं याच खिंडीत आपले पुतळे उभे केले. इथे पहारा आणि वसुली असणं अगदी शक्य आहे, अभ्यासकही तसा अंदाज करतात. वर जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले या वाटेवर नजर ठेवून आहेत, ते उगाच नाही. पण रांजणात नाणी टाकत, हा तर्क आणि लोककथा. पाण्याचाही असू शकतो. तेव्हा रांजणापाशी उभं राहून "असं म्हणतात" हे दोन शब्द लावायचे. मी आता लावतो.

आणि खरं सांगू का, जे पक्कं माहीत आहे ते टोलनाक्यापेक्षा जास्त रंगतदार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीवही लिहिली, पेरिप्लस म्हणतात तिला. त्यात आपली गावं आहेत. सोपारा आहे, कल्याण आहे. पैठण आहे, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. कल्याणबद्दल तो लिहितो की पूर्वी हे रीतसर बंदर होतं, पण आता तिथे अडवणूक होते. ग्रीक जहाज चुकून तिकडे आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे काय झालं असेल बघा. भडोच क्षत्रपांच्या ताब्यात. कल्याण बंद पडलं की माल भडोचला जाणार. आणि कल्याण बंद म्हणजे नाणेघाट ओस. जकात भिंतीवर लिहिली नसेल, पण भांडण जकातीचंच होतं.

ते भांडण पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवून मिटवलं. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडला, नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ढीग, १३ हजारांहून जास्त. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूच्या चेहऱ्यावर आपला शिक्का. नवीन नाणी पाडायचा खर्च वाचला आणि सगळ्या बाजारात बातमीही पोचली!

मग संग्रहालय कुठंय? लेण्यात एकही वस्तू नाही. ज्या जगाचा हा रस्ता होता त्याच्या वस्तू विखुरल्यात. सोपाऱ्याच्या स्तूपातून भगवानलालांनी १८८२ साली काढलेले अवशेष मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपाऱ्याच्या अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. तेरला स्वतःचं संग्रहालय आहे. कोल्हापूरला टाऊन हॉलच्या संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली, भूमध्य समुद्राकडून आलेली. आणि जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. ते यवन नेमके कुठल्या घाटाने वर आले, हे दगड सांगत नाही. नाणेघाटाने आले असतील, असं मला वाटतं. (बघा, "मला वाटतं" म्हटलंय.)

शहापूरकरांनो, यात तुमचाही घाट आहे. सोपारा-कल्याणहून वर जायच्या दोन मोठ्या वाटा. एक नाणेघाटातून जुन्नर-पैठणकडे, दुसरी थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसाऱ्याच्या घाटातून, नाशिककडे. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली कसाऱ्याच्या घाटातून रेल्वे वर गेली. नाणेघाटाला ना रेल्वे मिळाली ना डांबर. माळशेजचा रस्ता झाल्यावर राहिलेली वर्दळही तिकडे वळली. कसाऱ्याला ती जुनी वाट शोधावी लागते, रूळ आणि महामार्गाच्या गोंधळात. इथे ती पायाखाली आहे.

पण आहे तशी किती दिवस, त्याची धास्ती आहे. आता पावसाळ्यात नाणेघाट व्हायरल होतो तो उलट्या धबधब्यामुळे. वारा खालून इतका जोरात येतो की पाणी वर उडतं. लोक जुन्नरच्या बाजूने गाडीने थेट वर येतात, रील काढतात, पावसापासून आडोसा म्हणून लेण्यात शिरतात. मी ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा आत चाळीसेक माणसं होती. कुणी भिंतीला ओली बॅग टेकवलेली, कुणी शिलालेखावर तळहात ठेवून फोटो काढत होता. लेख आधीच झिजलाय. मधल्या कितीतरी ओळी तुटक आहेत, एका यज्ञाचं नाव गेलंय, एका राजकुमाराचं गेलंय. आणि दाराजवळ एक ताजं बदाम, त्यात दोन इंग्रजी अक्षरं. मी त्या तळहातवाल्याला "जरा हात काढता का" म्हटलं. त्याने काढला, वर "सॉरी काका" म्हणाला. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे.

मी शहापूरच्या त्या मुलीला लिहिलं की आपण ऑडिओ वॉक करू. संग्रहालयाची इमारत बांधणं आपल्या हातात नाही, पण प्रत्येक ठिकाणी उभं राहून काय बघायचं ते सांगता येईल. तिने आवाज द्यायचं कबूल केलंय. सात थांबे ठरलेत: पायथा, खाच दिसते ती जागा, पायऱ्या, टाकी, लेण्याचं दार, मधली भिंत, रांजण. लेण्याच्या थांब्याला ऑडिओ मुद्दाम बाहेर उभं राहून ऐकायचा ठेवलाय. आधी ऐका, फोन खिशात टाका, मग आत जा.

निघण्याआधी थोडं कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पायथ्यापासून वर अडीच-तीन तास धरा. दोन लिटर पाणी घरून न्या, टाक्यांवर अवलंबून राहू नका. पावसाळ्यात जाणार असाल तर बंदी आहे का ते आधी विचारा, कड्याच्या टोकाला जाऊ नका. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्या, पैसे आधी ठरवून. वाट सोपी असली तरी घ्या. झाडांची नावं मला त्यांच्याकडूनच कळलीत आणि वाट कुठून जायची तेही. आमच्या आजोबांसारखे काही जण त्यांच्या घरीही आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग कुणाला करता आलं तर मला पाठवा.

उतरायला तीनपर्यंत सुरुवात करा. जंगलात अंधार लवकर होतो आणि मुरबाडकडे जाणारी एसटी आपल्यासाठी थांबत नाही. पुढचा भाग कसाऱ्याच्या घाटावर, तो शहापूरची ताई सांगणार. मी फक्त माईक धरणार आहे.